पीएच.डी.नंतरचं घड्याळ

‘ताई, पीएच.डी. झाली. आता पुढं काय?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला बऱ्याच जणींनी विचारला. मी स्वतः साधी बी.ए. संसार सांभाळून महिला मंडळाचं आणि गावातल्या अभ्यासिकेचं काम करते. बचत गटाचे अर्ज, विधवा पेन्शनचे अर्ज, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरता भरता हळूहळू ‘डॉक्टर’ झालेल्या मुलीही यायला लागल्या. एक रसायनशास्त्रातली, एक मराठीतली, एक समाजशास्त्रातली. दारावर ‘डॉ.’ची पाटी आहे, आणि घरात उत्पन्न म्हणावं तर तासिका तत्त्वावरच्या तासांचे चार पैसे, तेही सहा-सहा महिने उशिरा. या मुलींचं पुढं काय होतं, हा प्रश्न आता त्यांच्या घरापुरता राहिलेला नाही.

जरा आकडे बघा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात पीएच.डी. करणाऱ्यांची संख्या २ लाख १३ हजारांच्या आसपास होती आणि त्यात सुमारे ९९ हजार स्त्रिया होत्या. २०१४-१५ साली हाच आकडा ४८ हजार होता. म्हणजे सात वर्षांत दुप्पट! आता दुसरा आकडा. संशोधनाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्यांमध्ये स्त्रियांचं प्रमाण २०१८ साली होतं १६.६ टक्के. सहात एक. शिकताना जवळजवळ निम्म्या, आणि कामाच्या टेबलाशी सहात एक. मग बाकीच्या गेल्या कुठं? त्या कुठं गेल्या हे तुम्हाला-मला चांगलं ठाऊक आहे. त्या आपल्याच गल्लीत आहेत. मुलांचा अभ्यास घेतायत, सासऱ्यांच्या औषधाच्या वेळा सांभाळतायत, शिकवणी घेतायत.

त्यात नोकरीचं गणितही मधेच बदललं. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागणारच, असा नियम यूजीसीने २०१८ साली केला. तो लागू व्हायची तारीख पुढं ढकलली गेली आणि ३० जून २०२३च्या अधिसूचनेनं नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठरली, पीएच.डी. ऐच्छिक झाली. ज्यांनी मधली पाच वर्षं ‘आता पीएच.डी.शिवाय गत्यंतर नाही’ म्हणून घातली, त्यांना हा धक्काच होता. पदवी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण पदवीच्या जोरावर नोकरी दारात येईल, ही आशा मात्र सोडायला हवी. आता विचार करायचा तो संशोधनाच्याच पुढच्या वाटेचा.

या वाटेला ‘पोस्ट डॉक्टरल’ संशोधन म्हणतात. ही काही नवी परीक्षा नाही किंवा पदवीही नाही. पीएच.डी. झालेल्या व्यक्तीनं दोन-तीन वर्षं एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत राहून स्वतःचा विषय पुढं न्यायचा, त्यासाठी तिला दरमहा पैसे मिळतात. यात दोन शब्द सारखे कानावर येतात, ते वेगळे ओळखून ठेवा. फेलोशिप म्हणजे तुमच्या पोटापाण्यासाठी दरमहा मिळणारी रक्कम. ग्रँट म्हणजे अनुदान, ते कामासाठी असतं. रसायनं, उपकरणं, गावोगाव फिरायचा खर्च, मुलाखती घेणाऱ्या मदतनिसांचा पगार हे त्यातून भागतं. ग्रँट बहुतेक वेळा संस्थेच्या खात्यात जमा होते, त्यामुळे तिच्यातून घरखर्च चालत नाही. अर्ज करण्याआधी हे समजून घेतलं नाही तर मंजुरीपत्र हातात आल्यावर घरात वाद होतात, हे मी पाहिलंय.

पैसे किती मिळतात, असं सगळ्यात आधी सासूबाई विचारतात आणि तो प्रश्न काही चुकीचा नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३पासून संशोधकांच्या रकमा वाढवल्या. पीएच.डी. करणाऱ्या ज्युनियर फेलोला ३७ हजार, सीनियरला ४२ हजार. पीएच.डी. झालेल्या रिसर्च असोसिएटला अनुभवानुसार ५८ हजार, ६१ हजार किंवा ६७ हजार रुपये दरमहा, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. सरकारी पैशावर चालणाऱ्या विज्ञान प्रकल्पांत ही रिसर्च असोसिएटची पदं निघतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मुलीला हा आकडा सांगितला की तिचा आधी विश्वासच बसत नाही.

मग अडतं कुठं? माझं निरीक्षण असं आहे की बाईची वाट बुद्धीपाशी अडत नाही, आणि पुष्कळदा पैशापाशीही अडत नाही. ती अडते घड्याळापाशी. बहुतेक फेलोशिपांना एक घड्याळ बांधलेलं असतं. काहींचं घड्याळ वय मोजतं, काहींचं पीएच.डी. झाल्यापासूनची वर्षं मोजतं. विज्ञान आणि तंत्रज्ञानातल्या नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपचं उदाहरण घ्या. ही पूर्वी ‘सर्ब’ नावाचं मंडळ देत असे. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, तो ५ फेब्रुवारी २०२४ रोजी लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. या फेलोशिपला वयाची मर्यादा ३५ आणि स्त्रियांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे ४०.

चाळीस म्हणजे भरपूर झाले, असं दिल्लीत बसून वाटत असेल. आपल्याकडच्या एखाद्या मुलीचं आयुष्य मांडून बघू या. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., चोविसाव्या वर्षी लग्न. मग पहिलं मूल, नवऱ्याची बदली, दुसरं मूल. एकतिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक हातात घेतलं, पीएच.डी.ला नोंदणी झाली. गाइड निवृत्त झाले, दुसरे मिळेपर्यंत वर्ष गेलं. पदवी मिळाली तेव्हा वय अडतीस. आता तिच्याकडं दोनच वर्षं आहेत आणि पहिलं वर्ष तर अशी काही फेलोशिप असते हे कळण्यातच जातं. तिच्याबरोबर शिकलेला मुलगा तिसाव्या वर्षीच तिथं पोचलेला असतो. त्याच्या हुशारीत कमी-जास्त काही नाही. त्याचं बाळंतपण त्याच्या बायकोनं केलेलं असतं, एवढाच फरक!

हे सरकारला कळतच नाही असंही नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा दिलेली आहे. पण ती सवलत पदवीपर्यंतच. पदवीनंतर ती ज्या फेलोशिपकडं जाते, तिथलं घड्याळ ती रजा ओळखतच नाही.

विज्ञानातल्या मैत्रिणींसाठी मात्र एक चांगली वाट आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ साली ‘विमेन सायंटिस्ट स्कीम’ सुरू केली, ती खास खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी. आज तिचं रूप ‘वाइज-किरण’ या नावाखाली आहे. त्यातली ‘वाइज-पीडीएफ’ ही पीएच.डी. झालेल्या स्त्रियांसाठी आणि ‘वाइज-स्कोप’ ही समाजाच्या प्रश्नांवर विज्ञानाचा उपाय शोधणाऱ्या स्त्रियांसाठी. या दोन्हींना वयोमर्यादा आहे २७ ते ६०. साठ! सून आल्यावरसुद्धा संशोधन करता येईल. तिसरी आहे ‘वाइज-आयपीआर’. तिच्यात पेटंटच्या कामाचं एक वर्षाचं प्रशिक्षण मिळतं, वय २५ ते ४५. याच वाटेनं गेलेल्या कितीतरी स्त्रिया आज पेटंट एजंट म्हणून काम करतात. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायोकेअर’ योजनाही २०११पासून याच हेतूनं आली. बायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, शेतीशी जवळचं काही शिकलेलीनं ‘वाइज’च्या जोडीला हे नावही शोधून पाहावं.

कला आणि समाजशास्त्राच्या मैत्रिणींचं काय? आमच्या गावात त्यांचीच संख्या जास्त. त्यांच्यासाठी पहिलं नाव भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. ही संस्था १९६९ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, भूगोल अशा विषयांत पीएच.डी. झालेल्यांसाठी तिची दोन वर्षांची पोस्ट डॉक्टरल फेलोशिप असते, वयोमर्यादा ४५. इतिहासवाल्यांसाठी भारतीय इतिहास संशोधन परिषद, तत्त्वज्ञानवाल्यांसाठी भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद. साहित्य, भाषा, इतिहास अशा मानव्यविद्यांसाठी शिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. ती ब्रिटिश व्हाइसरॉयच्या जुन्या वाड्यात भरते. तिथं राहून काम करावं लागतं, हे मात्र आधी घरी सांगा.

सगळ्या शाखांना चालेल अशी एक योजना यूजीसीची. २०२२च्या शिक्षकदिनी यूजीसीने आपल्या फेलोशिपांची नव्यानं मांडणी केली, त्यात डॉ. राधाकृष्णन पोस्ट डॉक्टरल फेलोशिप जाहीर झाली. जागा ९००, त्यातल्या ३० टक्के स्त्रियांसाठी, दरमहा ५० हजार रुपये. विज्ञान, तंत्रज्ञान, समाजशास्त्र, भाषा, सगळे विषय त्यात बसतात.

आता यातली मेख सांगते. या फेरमांडणीच्या आधी यूजीसीची एक पोस्ट डॉक्टरल फेलोशिप फक्त स्त्रियांसाठी होती. दरवर्षी शंभर जणींना, पाच वर्षांसाठी. अट होती ती नोकरी नसण्याची. खुल्या गटाला ५५ वर्षांपर्यंत आणि राखीव गटांना ६०पर्यंत अर्ज करता यायचा. विषय कुठलाही. म्हणजे ज्या बाईनं मुलं मोठी करून चाळिशीनंतर मराठीत किंवा इतिहासात पीएच.डी. केली, तिच्यासाठीच जणू ती बेतली होती. नव्या मांडणीत ती वेगळी उरलेली नाही, तिची जागा ३० टक्क्यांनी घेतली. त्यामुळे चित्र असं झालंय की रसायनशास्त्रातल्या बाईला साठीपर्यंत हक्काचं एक दार आहे आणि मराठी साहित्यातल्या बाईचं पंचावन्नपर्यंतचं दार गेलं. लोकगीतं गोळा करणारीचा, देवदासींच्या इतिहासावर काम करणारीचा किंवा ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर लिहिणारीचा खंड हा खंड नसतो का? बाळंतपण काय फक्त सायन्सवाल्यांचंच होतं?

महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची नावं घरोघरी पोचलीत. त्यांच्या फेलोशिपांनी हजारो घरांत पहिली पीएच.डी. झाली, हे मोठं काम आहे. पण या फेलोशिपा मुख्यतः पीएच.डी. करत असणाऱ्यांसाठी आहेत. ‘आधी मिळत होती, मग पुढंही मिळेल’ असं धरून बऱ्याच जणी बसून राहतात, आणि पदवी हातात आली की दुसऱ्या महिन्यापासून घरात पैसा येणं बंद होतं. राज्यानं त्यांना पदवीपर्यंत आणलं तर पुढच्या दोन वर्षांचा पूलही बांधायला नको का? एखादी योजना कायम राहील यावरही विसंबू नका. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३पासून बंद झाली. मागच्या वर्षीचा कागद बघून या वर्षीचा बेत आखता येत नाही.

बाहेरच्या देशांत हे घड्याळ कसं लावतात, तेही बघण्यासारखं आहे. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी पोस्ट डॉक्टरल फेलोशिपला पीएच.डी.नंतर आठ वर्षांची मर्यादा आहे, पण संशोधनाच्या बाहेर घालवलेला काळ त्यातून वजा करतात. वय विचारत नाहीत. कुठल्याही देशाची, कुठल्याही विषयाची व्यक्ती अर्ज करू शकते, फक्त युरोपातली यजमान संस्था आधी मिळवावी लागते. अर्जाची शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात येते. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिपही सगळ्या विषयांना आणि सगळ्या देशांना खुली आहे. बरोबर आलेल्या कुटुंबासाठी ती भत्ता देते, जोडीदारालाही जर्मन शिकायची सोय करते. म्हणजे संशोधक बाईला नवरा आणि मुलं असतात, हे त्यांनी गृहीत धरलेलं आहे!

ब्रिटनमध्ये डॅफ्नी जॅक्सन नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्या देशातल्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक. शिकलेल्या बायका संसारामुळं बाहेर पडतात आणि परत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी काम सुरू केलं. १९९१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं न्यास उभा राहिला. कुटुंबासाठी किंवा आजारपणामुळं किमान दोन वर्षं काम सोडलेल्यांना तिथं फेलोशिप मिळते आणि ती अर्धवेळ करता येते. जर्मनीत वैद्यकशास्त्राचं नोबेल १९९५ साली मिळवणाऱ्या ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ट यांनी २००४ साली प्रतिष्ठान काढलं. ते जर्मनीत काम करणाऱ्या, मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना पैसे देतं ते प्रयोगासाठी नव्हे. घरकामाला मदतनीस ठेवायला आणि मुलं सांभाळायला! नोबेल मिळवलेल्या बाईनं ओळखलं की संशोधनातला सगळ्यात मोठा अडथळा भांड्यांचा ढीग हा आहे. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. आपल्याकडच्या कुठल्या समितीला हे सुचलं असतं?

आणि खंड पडला म्हणजे बाई संपली, असं कोणी म्हणत असेल तर त्याला कमला सोहोनींचं नाव सांगा. १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. पुढं १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परत आल्या. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत चांगल्या पदावर होत्या. १९४७ साली लग्न झालं आणि सगळं सोडून मुंबईला याव्या लागल्या. पण मुंबईत विज्ञान संस्थेत त्यांनी पुन्हा काम उभं केलं. विषय कुठला, तर नीरा. गरीब मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पोषणाला नीरा किती उपयोगी, याचा त्यांनी शास्त्रीय शोध घेतला आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. लग्नासाठी गाव बदललेली बाई आणि झाडावरून उतरवलेलं पेय! संशोधनाला परदेशीच विषय लागतो असं कुठं आहे?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा. आज तुमचं पूर्ण वय काय, पीएच.डी.ची अधिसूचना कुठल्या तारखेला निघाली, आणि मधे काम कधी व कशासाठी थांबलं. फेलोशिप शोधताना आधी तिच्या नावावर किंवा रकमेवर जाऊ नका. आधी तिचं घड्याळ बघा. वय मोजते की वर्षं, सवलत कुणाला, खंड वजा करते की नाही. ज्या तुमच्या घड्याळात बसत नाहीत त्या तिथंच बाजूला ठेवा. उरलेल्या चार-पाचांवर सगळा जोर लावा. ज्यांचं वय अडतीस-एकोणचाळीस आहे त्यांनी चाळिशीची मर्यादा असलेल्या योजना आधी भराव्यात, साठीपर्यंतच्या नंतर.

शोधायचं कुठं? गावातल्या सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेल्या कुठल्याही यादीवर भरवसा ठेवू नका, मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजवर तर मुळीच नको. मूळ संस्थेचं संकेतस्थळ उघडा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या योजना एकत्र दाखवणारं भारत सरकारचं ‘इंडिया सायन्स, टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन’ हे पोर्टल आहे. युरोपातल्या जागांसाठी ‘युरेक्सेस’ नावाचं पोर्टल आहे, ते फुकट आहे. महिन्याचा एक दिवस ठरवा, समजा किराणा भरायचा दिवस, आणि त्या दिवशी ही पानं न चुकता बघा. जाहिराती बऱ्याचदा एका महिन्याच्या मुदतीनं येतात. जाहिरात आल्यावर तयारीला लागलं तर वेळ पुरत नाही.

कारण खरा वेळ जातो यजमान संस्था आणि मार्गदर्शक मिळवण्यात. जवळजवळ प्रत्येक योजनेला कुणातरी संस्थेचं संमतीपत्र लागतं. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या बाईला हीच मोठी खिंड. म्हणून जाहिरातीची वाट न बघता आधीच पत्रं लिहा. ज्यांचे लेख तुम्ही प्रबंधात वाचले, त्यांना लिहा. ‘मला काम द्या’ असं लिहू नका. ‘तुमच्या अमुक लेखातला अमुक मुद्दा मी आमच्या भागात तपासून बघू इच्छिते’ असं लिहा. दहांतले सात उत्तर देणार नाहीत. उरलेल्या तिघांतला एक जण तुमचा. पत्र गेल्यावर मान खाली घालायचं कारण नाही, हे मागणं भिक्षेचं नाही. फेलोशिप घेऊन येणारी संशोधक संस्थेलाही हवी असते.

विषय निवडताना तुमचं गाव ही तुमची कमजोरी समजू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. तो प्रश्न त्या बायकांच्या घरात वर्षानुवर्षं होता. तिथं राहणाऱ्या, त्यांची बोली बोलणाऱ्या संशोधक बाईला जे दिसेल ते बाहेरून चार दिवस आलेल्याला दिसणार नाही. पाणी, बचत गटांचं कर्ज, मुलींची गळती, बोलीभाषा, देवीची गाणी, भरडधान्य, हळदीवरची कीड, सगळे विषय आपल्या अंगणात आहेत. प्रस्तावात हेच ठासून सांगा की हे काम इथं राहणारीच करू शकते.

कागदपत्रांची फाइल आजच करून ठेवा. पीएच.डी.ची अधिसूचना, पदवी, जातीचा दाखला, लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचा पुरावा. नावाच्या गोंधळात किती अर्ज अडकतात विचारू नका. आमच्याकडच्या एकीला पदवीवरच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घ्यायला विद्यापीठात पाच खेपा घालाव्या लागल्या, तोवर मुदत गेली. शोधनिबंध छापून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मासिकांपासून दूर राहा. यूजीसीने आपली ‘केअर’ यादी २०२५ साली बंद केली, त्यामुळं मासिक खरं की खोटं हे आता तुम्हालाच पारखावं लागतं. आणि फेलोशिप ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला तर उंबऱ्यातूनच परत पाठवा.

घरच्यांशीही स्पष्ट बोला. फेलोशिपचा पैसा दर महिन्याच्या एक तारखेला येतो, असं समजू नका. तो रखडतो, तीन-चार महिन्यांचा एकदम येतो. तेव्हा हप्ते काढून ठेवू नका. तुम्ही संस्थेत जाता ती हौस म्हणून जात नाही, ती नोकरीच आहे, हे घरातल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगा. ‘जरा लवकर ये, पाहुणे यायचेत’ हे बँकेत जाणाऱ्या सुनेला कोणी म्हणत नाही, तर तुम्हालाही म्हणायला नको.

आणि एकटीनं करू नका. पाच जणी एकत्र या. तुमच्या तालुक्यात पीएच.डी. झालेल्या किती स्त्रिया आहेत, याची साधी यादी करा. आम्ही ती सुरू केलीय, नावं वाढतच चाललीत. ही यादी घेऊन आमदार-खासदारांकडं जाता येईल. मागण्या अगदी साध्या आहेत. फेलोशिपच्या घड्याळातून बाळंतपणाचा आणि घरच्या आजारपणाचा काळ वजा करा. कला आणि समाजशास्त्रातल्या स्त्रियांसाठी पंचावन्नपर्यंतचं दार पुन्हा उघडा. फेलोशिप अर्धवेळ घेता येऊ द्या. पैसे दरमहा द्या. आणि राज्यानं पीएच.डी.पुढची दोन वर्षं सांभाळणारी स्वतःची योजना आणावी. यात कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नाही. जिला शिकवायला सरकारनं, आईबापानं आणि तिनं स्वतः मिळून वीस-बावीस वर्षं घातली, तिला ऐन उमेदीत घरी बसवणं हे कुठल्या हिशेबात बसतं, एवढंच विचारायचंय.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर आजच तिला फोन करा. ‘कशी आहेस’ म्हणू नका, ‘तुझी पीएच.डी. कुठल्या साली झाली’ असं विचारा. तिचं घड्याळ अजून किती शिल्लक आहे, ते दोघी मिळून मोजा.